यिप्पी-काय-ये नेमकं आलं कुठून?

डाय हार्ड या हॉलिवूड सिनेमातला एक डायलॉग सांगा म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी एकच येतो, यिप्पी-काय-ये आणि त्याला जोडून ती आईवरची शिवी. शिवी इथे लिहीत नाही, ज्यांनी पिक्चर बघितलाय त्यांना ती पाठ आहे आणि ज्यांनी नाही बघितला त्यांचं तिच्यावाचून काही अडत नाही, कारण या डायलॉगचा सगळा इतिहास त्या शिवीच्या आधीच्या तीन आवाजांमध्ये आहे. म्हणजे बघा ना, जॉन मॅक्लेन नावाचा न्यूयॉर्कचा एक पोलीस, लॉस एंजेलिसमधल्या चकाचक ऑफिस बिल्डिंगमध्ये अडकलाय, ख्रिसमसच्या आदली रात्र, पायात बूट नाहीत, अंगात बनियन, हातात मेलेल्या माणसाची बंदूक आणि वॉकीटॉकी, आणि असा माणूस ऐन मोक्याला गुरं हाकणाऱ्यासारखा आवाज का काढतो?

नेटवर याचं उत्तर दोन ओळींत मिळतं. कुणी म्हणतं मॅक्लेनचं काम करणाऱ्या ब्रूस विलिसने सेटवर मस्करी म्हणून टाकलं, कुणी म्हणतं लेखकाने लिहिलं होतं. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात, कारण हा डायलॉग कुणा एकाच्या डोक्यातून निघालेला नाहीच मुळी, तो साधारण सव्वाशे वर्षं या हातातून त्या हातात असा सरकत आलाय, टेक्सासच्या धुळीतून गाण्यांच्या पुस्तकात, तिथून सिनेमात, तिथून लहान मुलांच्या टीव्हीवर, आणि शेवटी १९८८ साली त्या वॉकीटॉकीवर.

आधी तो सीन नीट बघू, कारण लोक फक्त शेवटची ओळ लक्षात ठेवतात आणि तिच्या आधीचं बोलणं विसरतात, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. व्हिलन हान्स ग्रुबर म्हणजे अॅलन रिकमन, नाटकांत मुरलेला ब्रिटिश नट, आणि हा त्याचा पहिलाच सिनेमा. ग्रुबर जर्मन आहे, उत्तम सूट घालतो, शिकलेला आहे, ग्रीकांच्या इतिहासाचे दाखले देतो. नाकातोमी कंपनीच्या पार्टीतल्या लोकांना त्याने ओलीस धरलंय, वरवर दहशतवादी पण खरा डोळा तिजोरीतल्या ६४ कोटी डॉलरच्या बाँड्सवर. सगळं प्लॅनप्रमाणे चाललेलं असताना कुणीतरी एक अनोळखी माणूस मध्ये कडमडतोय आणि त्याचे साथीदार मारतोय. त्या माणसाचं नाव ग्रुबरला माहीत नाही, तोंड बघितलेलं नाही, फक्त आवाज ऐकू येतो. म्हणून तो वॉकीटॉकीवर विचारतो, तू आहेस तरी कोण? लहानपणी जरा जास्तच सिनेमे बघितलेला आणखी एक अमेरिकन? दिवाळखोर संस्कृतीतलं आणखी एक अनाथ पोर, ज्याला वाटतं आपण जॉन वेन आहोत, रॅम्बो आहोत, मार्शल डिलन आहोत?

हा टोमणा फार विचार करून मारलेला आहे. जॉन वेन म्हणजे वेस्टर्न सिनेमांचा सगळ्यात मोठा हिरो, मार्शल डिलन म्हणजे १९५५ ते १९७५ अशी वीस वर्षं चाललेल्या काऊबॉय सिरियलमधला पोलीस अधिकारी, आणि रॅम्बो तर त्या काळात ताजाताजाच होता. ग्रुबर म्हणतोय की तुझ्याकडे तुझं स्वतःचं असं काही नाही, तुझं शौर्यसुद्धा पडद्यावरून उचललेलं आहे.

यावर मॅक्लेन काय म्हणतो? नाही म्हणत नाही, चिडत नाही. तो म्हणतो मला तर रॉय रॉजर्स जास्त आवडायचा, त्याचे ते चमचम टिकल्यांचे शर्ट लई भारी वाटायचे. ग्रुबरने तीन दणकट पुरुषांची नावं घेतली आणि मॅक्लेनने मुद्दाम चौथं नाव घेतलं ते गाणी म्हणणाऱ्या, पोराटोरांच्या लाडक्या, टिकल्यांचा शर्ट घालणाऱ्या काऊबॉयचं. मग ग्रुबर विचारतो, आमच्यापुढे तुझा टिकाव लागेल असं खरंच वाटतं का तुला, मिस्टर काऊबॉय? आणि त्याला उत्तर म्हणून येतं यिप्पी-काय-ये. ओरडून नाही हं, हळू आवाजात, समोर कुणी नसताना, स्वतःशीच बोलल्यासारखं.

म्हणजे हा डायलॉग प्रश्नाचं उत्तर आहे. काऊबॉय म्हणालास ना, मग घे काऊबॉयचा आवाज. हे एकदा लक्षात आलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो, हा काऊबॉयचा आवाज आहे असं अमेरिकेतल्या थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला लगेच कसं कळलं?

त्यासाठी पार मागे जावं लागतं. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं तेव्हा टेक्सासमध्ये लाँगहॉर्न जातीची लाखो गुरं मोकाट फिरत होती आणि त्यांना तिथे गिऱ्हाईक नव्हतं, तिकडे एक जनावर जेमतेम चार डॉलरला जायचं आणि उत्तरेकडच्या शहरांत त्याच जनावराचे चाळीस डॉलरपर्यंत यायचे. मधे अडचण एकच, रेल्वे टेक्सासपर्यंत आलेली नव्हती. मग १८६७ मध्ये जोसेफ मॅकॉय नावाच्या व्यापाऱ्याने कॅन्सस राज्यातल्या अॅबिलीन या छोट्या गावात रेल्वेलाईनशेजारी गुरांचे मोठे गोठे बांधले आणि टेक्सासवाल्यांना निरोप धाडला की गुरं चालवत इथपर्यंत आणा, पुढचं मी बघतो. गुरं ज्या वाटांनी गेली त्यातली सगळ्यात प्रसिद्ध वाट म्हणजे चिझम ट्रेल.

एका कळपात दोन-तीन हजार गुरं, त्यांना सांभाळायला दहा-बारा माणसं, एक स्वयंपाकाची गाडी, दिवसाला पंधरा ते पंचवीस किलोमीटर, आणि असं दोन-तीन महिने. पगार महिन्याला साधारण ३० ते ४० डॉलर. सिनेमातला काऊबॉय गोरा आणि रुबाबदार असतो पण या माणसांमध्ये काळे लोक भरपूर होते, मेक्सिकन भरपूर होते, आणि घोड्यावरून गुरं वळायची ही सगळी पद्धतच मुळात मेक्सिकन वाकेरोंकडून, म्हणजे तिकडच्या गुराख्यांकडून आलेली, दोर, खोगीर, टोपी सगळं. हे सांगायलाच हवं असं मला वाटतं, कारण पुढे जो काऊबॉय पडद्यावर आला त्यातून ही माणसं गाळली गेली.

आता आवाजाकडे येऊ. या कामात आवाज हे हत्यार होतं. दिवसा रेंगाळणाऱ्या जनावरांना पुढे ढकलायला ओरडायचं, हाकारे घालायचे. रात्री बरोबर उलटं. रात्री कळप बसलेला असायचा आणि एखादी वीज चमकली, एखादं भांडं पडलं तरी हजारो गुरं बिथरून उधळायची आणि त्यात माणसं मरायची, म्हणून पाळ्या लावून दोन-दोन स्वार कळपाभोवती उलटसुलट दिशेने चकरा मारायचे आणि मारता मारता संथ सुरात गात राहायचे, एक तर गुरांना कळावं की अंधारात हलतंय ते माणूस आहे, आणि दुसरं म्हणजे स्वतःला झोप लागू नये. गाण्यात शब्द संपले की नुसते आवाज, टी-यी-यो, यिप्पी-ये, असं काहीही. आपल्याकडे कापणीच्या वेळी भलरी म्हणतात, त्यातल्या ध्रुवपदाचा अर्थ कुणी विचारत बसत नाही, हात आणि श्वास एका लयीत राहावेत म्हणून ते असतं, तसंच हे.

यातली दोन गाणी आपल्या कामाची आहेत. एक चिझम ट्रेलवरचंच, त्याची कडवी शेकड्याने आहेत कारण प्रत्येकजण आपलं एक जोडायचा, आणि प्रत्येक कडव्यानंतर येतं 'कम अ टी-यी-यिप्पी, यिप्पी-ये'. दुसरं 'हूपी-टी-यी-यो' असं सुरू होणारं, ज्यात गुराखी वासरांना म्हणतो चला रे चला, तुमचं नशीब फुटकं आहे त्यात माझा काय दोष. आणि ही वासरं साधी नाहीत, आई मेलेली, कळपामागे फरफटत चालणारी वासरं, त्यांना त्या लोकांच्या बोलीत डोगी म्हणायचे.

इथे मला ग्रुबरचं ते वाक्य आठवतं, दिवाळखोर संस्कृतीतलं अनाथ पोर. त्याने मॅक्लेनला अनाथ म्हणून हिणवलं, आणि मॅक्लेनने जो आवाज काढला त्याच्या खानदानातलं एक गाणं मुळात अनाथ वासरांना उद्देशून म्हटलं जायचं. लेखकांनी हे ठरवून केलं असा माझा अजिबात दावा नाही. पण जुने आवाज सोबत बरंच काही घेऊन येतात, वापरणाऱ्याला माहीत असो वा नसो.

बरं, हे गुरं चालवत न्यायचं काम टिकलं किती? जेमतेम वीस वर्षं. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचं पेटंट घेतलं आणि मोकळ्या माळावर कुंपणं पडायला लागली, रेल्वे पुढे पुढे सरकत टेक्सासपर्यंत आली, आणि १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यात उत्तरेकडच्या माळांवर अक्षरशः लाखो गुरं गारठून मेली. धंदा संपला. काऊबॉय उरला तो कुंपणं दुरुस्त करणारा गडी म्हणून.

आणि नेमका धंदा संपल्यावर काऊबॉय लोकप्रिय व्हायला लागला. जॉन लोमॅक्स नावाचा टेक्सासमध्ये वाढलेला एक अभ्यासक, त्याने हिंडून हिंडून ही गाणी गोळा केली आणि १९१० मध्ये त्यांचं पुस्तक काढलं, त्यात अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचं स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्रसुद्धा छापलेलं आहे. वरची दोन्ही गाणी त्या पुस्तकात आहेत. जे आवाज गुरांसाठी होते ते आता वाचणाऱ्यांसाठी, पियानोवर वाजवणाऱ्यांसाठी झाले, ज्यांनी आयुष्यात कधी गुरांमागे धूळ खाल्ली नव्हती त्यांच्यासाठी. आवाज कामापासून तुटला तो इथे.

आता १९३६. हा टप्पा मला सगळ्यात जास्त आवडतो आणि यावर फार कमी लिहिलं जातं. जॉनी मर्सर नावाचा तरुण गीतकार, मूळचा जॉर्जिया राज्यातल्या सवाना शहरातला, हॉलिवूडहून बायकोसोबत गाडीने घरी चालला होता आणि वाटेत टेक्सास लागलं. तिथे त्याला मोठ्या टोप्या घातलेले काऊबॉय दिसले, पण घोड्यावर नाही, मोटारीत आणि ट्रकमध्ये बसलेले. त्यावरून त्याने गाडीतच एका पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक गाणं लिहिलं, रिओ ग्रांदे नदीकाठच्या म्हाताऱ्या गुराख्याचं. गाण्यातला माणूस स्वतःला अस्सल गुराखी म्हणवतो, आणि मग एकेक कबुली देत जातो, की मी कधी गाय बघितली नाही, कधी दोर टाकून बैल धरला नाही कारण ते मला येतच नाही, मी फोर्ड गाडीतून रानात फिरतो, आणि काऊबॉयची सगळी गाणी मला येतात कारण ती मी रेडिओवर ऐकून शिकलो. आणि प्रत्येक कबुलीनंतर येतं 'यिप्पी-याय-यो-काया'.

हे गाणं त्या काळचा लोकप्रिय गायक-नट बिंग क्रॉस्बीने 'ऱ्हिदम ऑन द रेंज' या सिनेमात म्हटलं आणि प्रचंड गाजलं. यिप्पीचा यि, काऊबॉयचं ओरडणं आणि त्यातला तो क चा ठोका, सगळे सुटे भाग इथे एका ओळीत आले. डाय हार्डमधल्या शब्दांचा सगळ्यात जवळचा पूर्वज हाच असं भाषेच्या इतिहासात रस असलेले बरेच जण मानतात आणि मलाही ते पटतं. पण मला आवाजाच्या साम्यापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. ग्रुबरने १९८८ मध्ये जो आरोप केला, की तू सिनेमे बघून काऊबॉय झालेला माणूस आहेस, तोच आरोप मर्सरने १९३६ मध्येच करून ठेवला होता, रेडिओ ऐकून झालेला काऊबॉय. म्हणजे यिप्पी हा आवाज तेव्हापासूनच 'मी खरा काऊबॉय नाही, मला माहितीये, तरी घ्या' असा झाला होता. मॅक्लेन तो बरोबर त्याच अर्थाने वापरतो.

आणि याच सिनेमात, याच गाण्यात, मागे उभ्या असलेल्या सन्स ऑफ द पायोनियर्स या गाणाऱ्या ग्रुपमध्ये लिओनार्ड स्लाय नावाचा पंचविशीतला एक पोरगा होता, श्रेयनामावलीत त्याचं नावही नाही. ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत जन्मलेला, म्हणजे टेक्सासशी काही संबंध नाही. दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, रिपब्लिक स्टुडिओचा गाणारा काऊबॉय जीन ऑट्री पैशांवरून स्टुडिओशी भांडून निघून गेला, स्टुडिओला घाईने दुसरा हवा होता, त्यांनी या पोराला हिरो केलं आणि नाव बदललं. नवीन नाव ठेवलं रॉय रॉजर्स.

हो, तोच. टिकल्यांच्या शर्टवाला. ज्याचं नाव मॅक्लेन घेतो तो माणूस त्या यिप्पीवाल्या गाण्यात स्वतः हजर होता.

रॉय रॉजर्स पुढे काऊबॉयचा राजा म्हणून ओळखला गेला. त्याचा ट्रिगर नावाचा सोनेरी घोडा त्याच्याइतकाच प्रसिद्ध. त्याची बायको डेल एव्हान्स त्याच्यासोबत काम करायची. त्याचे ते झगमगीत कपडे शिवणाऱ्यांपैकी एक होता न्यूडी कोन, कीव शहरात जन्मलेला आणि लहानपणी अमेरिकेत आलेला शिंपी. १९५१ ते १९५७ रॉय रॉजर्सचा टीव्ही शो चालला, नंतर पुन्हा पुन्हा दाखवला गेला, आणि शोच्या शेवटी नवरा-बायको 'हॅपी ट्रेल्स' हे गाणं म्हणायचे, ते डेल एव्हान्सनेच लिहिलेलं. अमेरिकेत पन्नाशीच्या-साठीच्या दशकात वाढलेल्या मुलांच्या कानात हे सगळं मुरलेलं आहे, यिप्पी म्हणजे काऊबॉय आणि काऊबॉय म्हणजे चांगला माणूस. त्या काळात आणखी एक गाणं गाजलं, १९४८ मध्ये स्टॅन जोन्सने लिहिलेलं, आकाशात गुरांमागे धावणाऱ्या भुताटकी स्वारांचं, त्यातही यिप्पी-याय-ये आहेच, म्हणजे आवाज हवेतच होता.

आता त्या भांडणाकडे, कुणी लिहिलं? डाय हार्डची पटकथा दोघांच्या नावावर आहे, जेब स्टुअर्ट आणि स्टीव्हन डी सूझा. मूळ गोष्ट रॉडरिक थॉर्पच्या १९७९ च्या कादंबरीची, त्यातला हिरो म्हातारा, निवृत्त डिटेक्टिव्ह, आपल्या मॅक्लेनपेक्षा फारच वेगळा. डी सूझाचं म्हणणं असं की ही ओळ माझी, मी आणि ब्रूस एकाच प्रकारचे टीव्ही शो बघत वाढलो, रॉय रॉजर्स मुलांना उद्देशून असंच काहीसं म्हणायचा, तेच घेतलं आणि पोरांच्या जागी शिवी घातली. विलिसचं म्हणणं, २०१३ च्या सुमारास एका मुलाखतीत, की ते मी असंच फेकलं होतं, सेटवरच्या लोकांना हसवायला, सिनेमात ते राहील असं मला वाटलंच नव्हतं.

यातलं खरं कुणाचं? माझं मत असं की सिनेमा कसा बनत होता ते बघितलं की या दोन गोष्टी तितक्या विरुद्ध वाटत नाहीत. शूटिंग सुरू झालं तेव्हा स्क्रिप्ट पक्कं नव्हतं, शूट करता करता लिहिलं जात होतं. रिकमनला अमेरिकन उच्चार छान जमतात हे कळल्यावर ग्रुबर ओलिसासारखा बनून मॅक्लेनला भेटतो तो अख्खा सीन मागाहून घातला गेला, यावरून अंदाज येईल. विलिस तेव्हा मूनलायटिंग या टीव्ही सिरियलचा स्टार होता, कॉमेडीतला, फटकळ बोलण्यासाठी प्रसिद्ध, आणि त्याचा तो स्वभाव डोळ्यासमोर ठेवूनच मॅक्लेनची भाषा घडवली जात होती. अशा सेटवर लेखक एक ओळ लिहितो, नट ती वाकवतो, लेखक पुन्हा लिहितो, दिग्दर्शक जॉन मॅकटिअर्नन त्यातलं एक ठेवतो, आणि तीस वर्षांनी प्रत्येकाला आपला तुकडा आठवतो. शिवाय ग्रुबरचा प्रश्न, रॉय रॉजर्सचं उत्तर आणि मिस्टर काऊबॉय हे सगळं आधी असल्याशिवाय शेवटची ओळ फेकताच येत नाही, तिला बसायला जागाच नाही. म्हणून माझा कल लेखकांकडे आहे. पण तो हळू आवाज, तो थकलेला, अर्धवट हसरा सूर, तो विलिसचा, तो कागदावर लिहून येत नाही. २०२२ मध्ये त्याच्या घरच्यांनी सांगितलं की त्याच्या बोलण्याच्या क्षमतेवर परिणाम झालाय आणि तो काम थांबवतोय, त्याच्या पुढच्या वर्षी डिमेन्शियाचं निदान झाल्याचं कळवलं. शब्दांवर जगलेल्या नटाच्या बाबतीत ते वाचून फार वाईट वाटलं होतं.

लेखकांकडे माझा कल असायचं आणखी एक कारण म्हणजे हा काऊबॉयचा धागा एका सीनपुरता नाही, अख्ख्या सिनेमाला शिवलेला आहे. बिल्डिंगबाहेरचा पोलीस अल पॉवेल मॅक्लेनला नाव विचारतो तेव्हा तो खरं नाव सांगू शकत नाही, कारण ग्रुबर ऐकतोय आणि मॅक्लेनची बायको ओलिसांमध्ये आहे, मग तो सांगतो मला रॉय म्हण. आणि पुढे बराच वेळ पॉवेल त्याला रॉय म्हणतो. म्हणजे जे नाव टोमण्याला उत्तर म्हणून आलं त्याच नावामागे बायकोचा जीव लपलेला आहे.

शेवट आठवा. ग्रुबरने बायकोच्या डोक्याला बंदूक लावलीय, मॅक्लेन रक्ताने माखलेला, हात वर. ग्रुबर म्हणतो अजून काऊबॉयच आहेस तू, पण या वेळी जॉन वेन ग्रेस केलीला घेऊन सूर्यास्ताकडे जाणार नाही. मॅक्लेन त्याला दुरुस्त करतो, तो जॉन वेन नव्हता, गॅरी कूपर होता. आणि ते बरोबर आहे, १९५२ च्या हाय नून या सिनेमात ग्रेस केलीसोबत गॅरी कूपरच होता. ज्याने संस्कृतीवरून हिणवलं त्यालाच सिनेमा धड माहीत नाही. मग ग्रुबर विचारतो, तू मला मघाशी काय म्हणाला होतास, आणि तो ती ओळ स्वतः म्हणतो, यिप्पी-काय-ये, शिवीसकट. म्हणजे पहिल्या सिनेमात ही ओळ हिरोइतकीच व्हिलनचीही आहे, हे खूप लोकांच्या लक्षातच राहत नाही. मॅक्लेन हसायला लागतो, ते बघून ग्रुबर आणि त्याचा साथीदारही हसायला लागतात, आणि त्या हसण्याच्या आडून मॅक्लेन पाठीला ख्रिसमसच्या टेपने चिकटवलेलं पिस्तूल काढतो. गोळी मारल्यावर नळीवरचा धूर फुंकतो आणि म्हणतो, हॅपी ट्रेल्स, हान्स.

हॅपी ट्रेल्स. डेल एव्हान्सचं गाणं, रॉय रॉजर्सच्या शोचा निरोप. इतकं नीट जुळवलेलं असताना हे सगळं सेटवरच्या एका मस्करीतून आलं असं म्हणणं मला पटत नाही.

पुढच्या भागांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आहे. १९९० चा दुसरा, १९९५ चा तिसरा, २००७ चा चौथा, २०१३ चा पाचवा, प्रत्येकात ही ओळ आहे. पण आता तिला कुणी प्रश्न विचारत नाही. दुसऱ्या भागात विमानातून गळणाऱ्या इंधनाला लायटर लावताना ती येते, मजा येते, थिएटरात टाळ्या पडल्या असतीलच, पण ती आता उत्तर राहिलेली नाही, सही झालीय, प्रेक्षकांनी पैसे दिलेत म्हणून द्यायची. त्यातल्या त्यात तिसऱ्या भागातला व्हिलन हान्सचा भाऊ असल्यामुळे थोडं वजन येतं.

शिवीचंही पुढे बरंच काही झालं. अमेरिकन टीव्हीवर दुसरा भाग दाखवायचा होता तेव्हा शिवीच्या जागी 'मिस्टर फाल्कन' असं डब करून घातलं, ते इतकं विचित्र होतं की त्याचेच वेगळे चाहते झाले. आणि चौथा भाग स्टुडिओने कमी वयाच्या मुलांनाही बघता यावा असं सर्टिफिकेट मिळवून काढला, त्यात ती शिवी पूर्ण बसत नव्हती, म्हणून मॅक्लेन स्वतःच्या खांद्यातून आरपार गोळी झाडून मागच्या व्हिलनला मारतो त्याच क्षणी ओळ येते आणि शिवीचा शेवट बंदुकीच्या आवाजात बुडवला जातो. बऱ्याच चाहत्यांना याचा राग आला होता. मला मात्र वाटतं शिवी गेल्याने तितकं बिघडलं नाही, प्रश्न गेल्याने जास्त बिघडलं.

ज्यांना हे स्वतः तपासून बघायचंय त्यांनी आधी बिंग क्रॉस्बीचं ते १९३६ चं गाणं बघावं, मागे उभ्या पोरांमध्ये रॉय रॉजर्सला शोधावं, मग रॉय आणि डेलचं हॅपी ट्रेल्स ऐकावं, आणि त्यानंतर डाय हार्ड लावावा, ग्रुबर पहिल्यांदा 'तू आहेस तरी कोण' विचारतो तिथपासून.